दीड वाजताचा कावळा

आयोवा, १२ ऑक्टोबर १९७४

ती. दादा,
सा. न.

"तिकडे नक्की काय शिकतेस ते चार वाक्यांत कळव, लोक विचारतात," असं लिहिलंयस. चार वाक्यांत सांगता आलं असतं तर इतकी वर्षं परमुलखात कशाला बसले असते! तरी ऐक. इथल्या विद्यापीठात एक खोली आहे. मनाला त्रास होत असलेल्या विद्यार्थ्यानं तिथं जायचं, समोर एक शिकलेला माणूस बसतो, त्याच्याशी बोलायचं. ह्याला समुपदेशन म्हणतात. इथल्या मुलांना ते जमतं. आपल्याकडची, तैवानची, नायजेरियाची मुलं आली की जमिनीकडे बघत बसतात. आमचे सर म्हणतात, ही मुलं सहकार्य करत नाहीत. मी म्हणते, तुमची पद्धतच त्यांच्या कामाची नाही. माझं संशोधन ते हेच. एका मुलखातलं मन दुसऱ्या मुलखातल्या पद्धतीनं सांभाळता येतं का, ते बघायचं.

मागच्या आठवड्यात सुरतेचा एक मुलगा आला. वडील गेल्याची तार आली होती, त्याला घरी जाता आलं नाही. सरांनी त्याला तीनदा विचारलं, "तुला काय वाटतंय?" तो म्हणाला, "ठीक आहे." चौथ्यांदा विचारल्यावर उठून गेला. मला रडूच आलं रे. आणि एकदम तू डोळ्यांपुढे आलास, रामकुंडावर पंचा नेसून बसलेला. वडिलांची गादी चालवतोस, रोज दहा-बारा घरची दुःखी माणसं तुझ्यासमोर बसतात. तू त्यांना काय विचारतोस? खरं लिही, थट्टा करू नकोस.

वहिनीला नमस्कार.
तुझी माली


नाशिक, २० नोव्हेंबर १९७४

चि. मालीस आशीर्वाद.

अगं, मी काय विचारणार? गोत्र विचारतो. ठाऊक नसलं तर काश्यप म्हणून पुढे जातो. झालं माझं विचारणं!

बाकी ती आपण होऊन बोलतात. हाताला काम दिलं की माणसाचं तोंड सुटतं, एवढं मला कळलंय. भाताचा पिंड वळायला द्यायचा, दर्भ मोडायला द्यायचा. माझ्याकडे बघून कुणी बोलत नाही, स्वतःच्या हाताकडे बघून बोलतात. तुमच्या त्या सरांनी पोराच्या हातात काहीतरी द्यायला हवं होतं.

आणि खरं निघतं ते दहाव्याला. पिंड ठेवला आणि कावळा शिवला नाही की लोक हवालदिल होतात. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय म्हणायचं. मग पोरं काठावर उभी राहून ओरडून सांगतात, "आई, धाकटीचं लग्न आम्ही करू!" "बाबा, काकांशी भांडण मिटवतो!" वर्षानुवर्षं घरात न निघालेलं तिथं चार लोकांत निघतं. तुला म्हणून सांगतो, कावळा बिचारा गर्दीला भितो. मी माणसांना वीस पावलं मागे घेतो, की तो येतो. पण मागे कधी घ्यायचं ते मी ठरवतो. ह्यांचं बोलून झालं असं वाटलं, की मगच घेतो. हे कुठं बोलू नकोस बाई, पोटावर पाय येईल.

तुझी वहिनी विचारते, तिथं बर्फात चपला घालतेस का बूट?

वेणीमाधव


नाशिक, ४ सप्टेंबर १९७७

चि. मालीस आशीर्वाद.

परवाची गोष्ट तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. घरात बोललो नाही, कारण तुझ्या वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

येवल्याच्या एका म्हातारीचा दहावा होता. भागीबाई तिचं नाव. पैठणी विणणारं घर, तीन पिढ्यांची नावं आपल्या वहीत आहेत. मुलगा पुंजाराम, सून लताबाई, तेरा वर्षांची नात गोदावरी, शिवाय एक एसटी भरेल एवढे भाऊबंद. सकाळी साडेनवाला पिंड ठेवला. कावळे समोर झाडावर, पण एक उतरेना. पुंजारामनं सांगायचं ते सगळं सांगून झालं. अकरा वाजले, बारा वाजले. मी माणसं मागे घेतली, तरी नाही. आपली नेहमीची युक्ती हरली बघ. आता दर्भाचा कावळा करून शिवायचा, एवढंच उरलं. पण तसं केलं म्हणजे म्हातारी तळमळत गेली, हे कायमचं लोकांच्या तोंडी झालं. भाऊबंद कुजबुजायलाही लागले होते.

तेवढ्यात तांब्या द्यायच्या निमित्तानं सून माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "गुरुजी, तो माझ्यामुळं येत नाय. सासू पाणी मागत होती. तीनदा मागितलं. मी घरातच होते. मी उठले नाय." ती पुढे काही सांगणार होती, मी हातानं थांबवलं. म्हटलं, "बाई, बस्स. गंगेनं ऐकलं. आता पुन्हा कुणाला सांगू नको."

आणि मोठ्यानं पुंजारामवर खेकसलो, "अरे, आईचा माग! तो विकायला निघालात की काय? सांग तिला, माग बंद पडू देणार नाही!" तो ओरडून बोलला, रडला, त्याच्याबरोबर सगळे रडले. त्या गडबडीत मी माणसं पार पायऱ्यांपलीकडे नेली. बरोबर दीड वाजता कावळा शिवला.

मी साफ खोटं बोललो, आणि मला तिळभर वाईट वाटत नाही. तुमच्या शास्त्रात ह्याला काय म्हणतात?

वेणीमाधव


आयोवा, २ ऑक्टोबर १९७७

ती. दादा,
सा. न.

अरे, तू काय केलंस ते तुला कळलंय का? इथं माणसाकडून सगळं बोलवून घेतात, आणि बोलला की बरा झाला म्हणतात. तू ऐकलंस, आणि ऐकलेलं चारचौघांपासून झाकलंस, तेही तिच्या माणसांना रडायला जागा करून देऊन! मी तुझं पत्र आमच्या सरांना भाषांतर करून वाचून दाखवलं. त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हाच तुझा प्रबंध आहे."

मला ही हकीकत लिहू देशील? बाईचं नाव बदलीन, कुसाबाई करीन. नाव बदललं की माणूस सुरक्षित, असा आमच्याकडे नियमच आहे. तू नको म्हणालास तर नाही लिहिणार.

माली


नाशिक, १ डिसेंबर १९७७

चि. मालीस आशीर्वाद.

लिही की खुशाल. तिथं येवला कुणाच्या बापाला ठाऊक? माझंही नाव नको घालूस म्हणजे झालं. पण प्रबंध छापला की मला एक प्रत पाठव. इंग्रजी येत नसलं तरी उशाशी ठेवीन.

वेणीमाधव


आयोवा, १४ जून १९८१

ती. दादा,
सा. न.

सोबत माझ्या लेखाची छापील प्रत आहे. प्रबंध चार वर्षांपूर्वीच्या त्या पत्रावर उभा राहिला, त्यातली कुसाबाईची हकीकत आता आमच्या विषयातल्या मोठ्या नियतकालिकात आली आहे. कुठून कुठून पत्रं येतात! परदेशी विद्यार्थ्यांच्या खोलीत आता मुलांच्या हातात काहीतरी काम देतात, ही तुझी शिकवण. पुढच्या मे महिन्यात समिती बसेल आणि माझी नोकरी कायम करायची की नाही ते ठरेल. सगळे म्हणतात, ह्या लेखावरच ठरणार.

एकच खंत आहे. ह्यातलं निम्मं नाव तुझं असायला हवं होतं.

माली


नाशिक, २८ सप्टेंबर १९८१

चि. मालीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या भावाची कॉलर सध्या ताठ आहे, पंच्याला कॉलर नसली तरी! तुझा लेख मी आपल्या निवृत्ती मास्तरांना वाचायला दिला. त्यांनी त्याचं मराठी करून इथल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत छापून आणलं. "नाशिकच्या लेकीची अमेरिकेत झेप", वर तुझा फोटो, वेणीतला, मॅट्रिकच्या वेळचा. कात्रण पाठवतो आहे. कुंडावर चहावाल्यानं माझ्याकडून दोन दिवस चहाचे पैसे घेतले नाहीत. वडील असते तर त्यांनी गावजेवण घातलं असतं.

वेणीमाधव


नाशिक, ३ डिसेंबर १९८१

मालिनी,

वाईट झालं आहे. मला नीट लिहिता येत नाही, तरी लिहितो.

ती पुरवणी येवल्याला गेली. हॉटेलात कुणीतरी मोठ्यानं वाचली. विणकराचं घर, साडेनवाला ठेवलेला पिंड, दीड वाजता शिवलेला कावळा, सगळं छापलेलं. तू कुसाबाई लिहिलंस, पण हॉटेलातल्या पोराटोरांनी सांगितलं, ही पुंजारामची बायको. पुंजाराम घरी गेला. लताबाई मागावर बसलेली होती. त्यानं तिच्यापुढे कागद ठेवला आणि विचारलं, "हे खरं का?" ती काही बोलली नाही. हो नाही, की नाही नाही. तिच्या गप्प बसण्यालाच त्यांनी कबुली धरलं.

आठ दिवसांनी तिला सटाण्याकडे भावाच्या घरी पोचवलं. भाऊ जयराम चांगला माणूस आहे. पण गोदावरीला पुंजारामकडच्यांनी येवल्यातच ठेवून घेतलं. मुलगी आता सतराची आहे, तिचं लग्न ठरतं आहे. आणि मुलाकडचे म्हणतात, जिनं मरत्या माणसाला पाणी दिलं नाही तिचा हात मांडवात नको.

मी आज तीन दिवस कुंडावर गेलो नाही.

वेणीमाधव


आयोवा, २९ डिसेंबर १९८१

ती. दादा,
सा. न.

पत्र दोनदा वाचलं. पण मी नाव बदललं होतं, दादा! गावाचं नावही मी लिहिलं नव्हतं, "विणकरांचं एक गाव" म्हटलं होतं. नियमाप्रमाणे सगळं केलं होतं. आणि रागावू नकोस, पण तो लेख मास्तरांच्या हातात मी दिला नाही. तू दिलास.

त्या लोकांना समजावून सांगता येणार नाही का, की ही शास्त्रातली हकीकत आहे, कुणा एकीची नाही?

माली


नाशिक, २५ जानेवारी १९८२

मालिनी,

हो, मी दिला. मीच लिही म्हणालो आणि मीच वाटत फिरलो. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे, तू आणखी सांगायची गरज नाही.

पण तुझा नियमही ऐक. नाव बदललंस आणि कावळा तोच ठेवलास! अगं, आपल्याकडे कुणाचा कावळा किती वाजता शिवला हे गाव जन्मभर विसरत नाही. नावं विसरतात. अमक्याचा लगेच शिवला, तमक्याचा शिवलाच नाही, एवढ्यावर घराणी ओळखतात. साडेनवाचा पिंड आणि दीडचा कावळा म्हटल्यावर येवल्यात नाव कशाला लागतं? तू रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर वाढलीस, तुला हे कळू नये? आणि मी तिथंच बसतो, मलाही सुचलं नाही.

मी येवल्याला जाऊन आलो. पुंजारामच्या ओटीवर बसून सगळ्यांसमोर म्हणालो, त्या बाईनं मला काहीही सांगितलं नाही, मीच बहिणीला रंगवून लिहिलं. तर त्याचा चुलता हसला. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही खोटं बोलून बायांचं झाकता, हे तर पेपरातच छापलंय." माझी जीभ तूच छापून टाकलीस.

आता एकच उपाय राहिला आहे. तू लिहायचं. विद्यापीठाच्या कागदावर, सहीशिक्क्यानं, की ही हकीकत मी मनानं रचली, असं काही घडलं नाही. मास्तर ते त्याच पुरवणीत छापून आणतात. तुझं ते मानतील. पुंजारामलाही बायको परत हवी आहे, त्याला फक्त लोकांपुढे धरायला कागद पाहिजे.

लग्न मेच्या नऊ तारखेचं ठरलं आहे. त्याआधी ती घरी आली पाहिजे. एकुलती एक मुलगी आहे तिची.

वेणीमाधव


आयोवा, २ मार्च १९८२

ती. दादा,
सा. न.

तू काय मागतो आहेस ते तुला ठाऊक नाही, म्हणून रागावत नाही. संशोधकानं पुरावा रचला असं लिहून देणं म्हणजे त्यानं आपल्या हातानं आपलं नाव पुसणं. माझी समिती चौदा मेला बसते. मास्तरांचं पहिलं कात्रण मी हौसेनं त्यांच्या फाइलीत लावलं आहे, भाषांतरासकट. आता दुसरं छापून आलं तर ते इथं पोचणार नाही असं कसं समजू? मागच्या वेळी तसं समजूनच आपण दोघं फसलो.

आणि ते खोटं आहे, दादा. हकीकत खरी आहे. मी दुसरा मजकूर पाठवते, "ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत" असा. तो खराही आहे. बघ चालतो का.

मी चाळिशीला आले. लग्न केलं नाही, घर केलं नाही. जे आहे ते एवढंच आहे.

माली


नाशिक, ५ एप्रिल १९८२

मालिनी,

तुझा मजकूर येवल्यात वाचून दाखवला. चुलत्यानं विचारलं, "म्हणजे पाणी दिलं का नाही दिलं?" मी कागदाची घडी घालून परत आलो.

काल लताबाई जयरामबरोबर कुंडावर आली होती. मला वाटलं शिव्या देईल. तिनं एवढंच विचारलं, "ताईंचा कागद आला का?" मी म्हणालो, येईल. पायऱ्यांवर तासभर बसली आणि दुपारच्या एसटीनं गेली.

अजून वेळ आहे. पत्राला पंधरा दिवस लागतात, तार केलीस तरी चालेल.

वेणीमाधव


आयोवा, १७ मे १९८२

ती. दादा,
सा. न.

सोबत कागद आहे. विद्यापीठाचा शिक्का, माझी सही. "कुसाबाई नावाने दिलेली हकीकत संपूर्णपणे माझ्या कल्पनेतील असून असा कोणताही प्रसंग घडलेला नाही. माझे बंधू यांचा या मजकुराशी संबंध नाही."

नऊ तारीख होऊन गेली हे मला ठाऊक आहे. तुझं पत्र मला वीस एप्रिलला मिळालं. तार करता आली असती. मी तारेचा मजकूर लिहूनही ठेवला होता. मग वाटलं, चौदापर्यंत थांबू. समिती होऊ दे. नंतर पाठवला तरी बाई घरी येईलच, फक्त लग्न हुकेल. "फक्त" असं मनात म्हणाले, दादा. नऊ तारखेला दिवसभर घड्याळ बघत होते, तिथं आता मुहूर्त असेल, आता पाठवणी असेल. चौदाला माझी नोकरी कायम झाली. सगळ्यांनी अभिनंदन केलं.

ह्याच मजकुराचं इंग्रजी मी नियतकालिकालाही पाठवलं आहे. एकीकडे खरं आणि एकीकडे खोटं ठेवलं, तर उद्या पुन्हा कुठून तरी तिच्यापर्यंत जाईल. आता दोन्हीकडे एकच.

तिला काही सांगू नकोस. माफी मागायचं तोंड मला नाही.

माली


नाशिक, ३० ऑगस्ट १९८२

चि. मालिनीस आशीर्वाद.

तुझा कागद छापला. पुंजाराम स्वतः सटाण्याला जाऊन लताबाईला घेऊन आला. चुलत्यानं पेढे वाटले, ज्यानं सर्वात जास्त तोंड सोडलं होतं त्यानंच. लोकांनाही सुटका हवी होती असं दिसतं. आता म्हणतात, आम्हाला आधीच वाटलं होतं, आमची लता तशी नव्हे.

लग्नाचं विचारशील म्हणून लिहितो. मांडवात आईच्या जागी चुलती बसली. पाठवणीच्या वेळी गोदावरी "आई कुठंय" म्हणून एकदाच म्हणाली, असं मास्तरांनी सांगितलं, ते गेले होते. आता मुलगी माहेरपणाला आली तर आईशी फार बोलत नाही. तिला आतून राग आहे. आई आली नाही एवढंच तिला कळतं.

मी कुंडावर बसतो. लोक येतात, गोत्र सांगतात, पिंड वळतात. बोलत मात्र कुणी नाही. माझ्यासमोर सगळे तोंडाला कुलूप लावून बसतात, आणि ते बरोबरच आहे.

तुझ्यावर माझा राग होता. आता नाही. तुझं तिकडे काय झालं ते लिही.

वेणीमाधव


आयोवा, ६ फेब्रुवारी १९८३

ती. दादा,
सा. न.

व्हायचं तेच झालं. समितीनं मला बोलावून विचारलं, खरोखरच रचलं होतं? मी हो म्हणाले. माझे म्हातारे सर तिथं बसले होते. त्यांना मी तुझं पत्र वाचून दाखवलं होतं, त्यांना खरं ठाऊक होतं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि काही बोलले नाहीत. त्यांनी माझं झाकलं, तुझ्यासारखंच. नोकरी गेली. लेख मागे घेतला, त्यावरून पुढे लिहिलेलं सगळंच आता कुणी धरत नाही.

शेजारच्या गावातल्या लहान कॉलेजात मला काम मिळालं आहे. परदेशी मुलांना राहायच्या खोल्या वाटून द्यायच्या, चादरी द्यायच्या. मुलं येतात, किल्ली घेतात, जातात. कधी कुणी किल्ली हातात फिरवत उभं राहतं, बोलावंसं वाटत असतं. मी विचारत नाही. मला आता भीती वाटते.

नवा पत्ता खाली दिला आहे.

माली


येवला, ११ जुलै १९८४

मालिनीताईंस लताबाईचा नमस्कार.

पत्ता तेवढा गुरुजींनी काढून दिला, आतलं मी लिहिलं हाय. चौथीपर्यंत शिकलेय, चुका होतील. माझं नाव तुम्हाला ठाऊक असंल. तुम्ही मला कुसाबाई केलं होतं.

मी तुमच्यावर रागावून लिहीत नाय. राग लय होता. गोदीच्या लग्नाचा अजून हाय, तो जायचा नाय. पण आज त्यासाठी लिहीत नाय.

तुमचा कागद आल्यापासून घरात सगळे म्हणतात, लतानं पाणी पाजलं होतं. परवा दीर पाव्हण्यांना सांगत होता, मी डोळ्यानं बघितलं, मांडीवर डोकं घेऊन पाजलं. तो त्या दिवशी बाजारात होता. मालक म्हणतात, तू काही केलंच नाय तर रडती कशाला? मी खरं बोलले तर गोदीला सासरी परत ऐकून घ्यावं लागंल. म्हणून मी पण म्हणते, पाजलं होतं. तुमच्याशिवाय आणि गुरुजींशिवाय आता हे कुणाला ठाऊक नाय. गुरुजींना सांगायला गेले तर ते हात जोडतात, म्हणतात, बाई, मला नको सांगू. त्यांना रडू येतं, मग मीच त्यांना गप करते.

तुम्ही छापलं की मी पाणी दिलं नाय. का दिलं नाय ते छापलं नाय. गुरुजींनी त्या दिवशी विचारलं नाय, तुम्ही विचारलं नाय, मालकांनी बी नाय.

माझा बा आजारी होता सटाण्याला. भेटायला ये म्हणून भावाचं कार्ड आलं. तेव्हा पदर विणायला घेतला होता, गिऱ्हाईकाची तारीख जवळ आलेली. सासूनं ते कार्ड दोन दिवस मागाखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी झाडताना मला सापडलं. मी जाते म्हणाले तर म्हणाली, "एवढा पदर उतरू दे, मग जा." मी पदर उतरवला आणि गेले. बा आदल्या दिवशी गेला होता.

मग सासू अंथरुणाला खिळली. मी तिचं सगळं केलं, सहा महिने, घाण काढली, भरवलं. तिनं मला दुवा पण दिला. आणि त्या दिवशी मी मागावर होते, आणि ती म्हणाली, "लता, पाणी." माझ्या तोंडून गेलं, "एवढी ओळ उतरू दे, मग देते." ते मी ठरवून बोलले नाय. पण बोलल्यावर मला बरं वाटलं. ते खरं हाय. मग तिनं परत मागितलं आणि मी विणत राहिले. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा तिला बी कळलं होतं, मी का उठत नाय. ती माझ्याकडं बघत होती. ओळ झाल्यावर मी तांब्या घेऊन गेले तर ती नव्हती.

कावळा शिवावा म्हणून मालकांनी शब्द दिला की आईचा माग बंद पडणार नाय. तो माग मीच चालवते. रोज त्याच जागी बसते. खाट समोर होती तिथं आता काही नाय.

तुम्ही मोठ्या शिकलेल्या, पण उपाय लिहू नका. माझी चूक नव्हती असं लिहू नका, ते घरात रोज ऐकते. तुमचं काम गेलं असं गुरुजी म्हणाले, त्याचं मला वाईट वाटलं, पण त्यासाठी बी मी लिहीत नाय. तुम्ही हे वाचलं, एवढंच लिहा.

आणि कार्डावर लिहू नका. बंद पाकिटात लिहा. आमच्याकडं कार्ड सगळे वाचतात.

लताबाई